ज्योनें लॉरीला नकार कां दिला?

कादंबरी वाचून संपली म्हणजे ती मिटून फडताळांत ठेवावी, एवढाच वाचकाचा तिच्याशीं संबंध उरतो, असें सामान्यतः मानलें जातें. परंतु कांहीं कादंबऱ्या अशा असतात, कीं त्या मिटल्यावरच वाचकाचें लेखकाशीं खरें भांडण सुरू होतें. अमक्या मुलीनें तमक्या मुलाच्याच गळ्यांत माळ घालावयास हवी होती. ती तिनें घातली नाहीं. लेखकानें हा अन्याय कां केला? घरांतील तरुण मुली हा प्रश्न मोठ्या तळमळीनें विचारतात आणि वडील माणसें हंसून तो सोडून देतात. वास्तविक त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. कादंबरींतल्या मुलीनें कोणाला वरावें, या वादाच्या आड प्रत्यक्षांतल्या मुलीनें कोणाला वरावें आणि कोणाला नाकारावें, हाच वाद उभा असतो.

अशा वादाचें एक फार बोलकें उदाहरण अमेरिकन वाङ्मयाच्या इतिहासांत सांपडतें. ‘लिटल विमेन’ हें पुस्तक आणि त्याची कर्त्री लुइसा मे अल्कॉट यांचें तें उदाहरण होय. शांता शेळके यांनीं ‘चौघीजणी’ या नांवानें हें पुस्तक मराठींत आणलें. त्यामुळें मार्च कुटुंबांतल्या त्या चार बहिणी मराठी घरांनाही परक्या राहिलेल्या नाहींत. मोठी मेग सौम्य व संसारदक्ष; दुसरी ज्यो धसमुसळी, स्वतंत्र बाण्याची आणि लेखनाच्या नादानें वेडावलेली; तिसरी बेथ अबोल व मायाळू; धाकटी एमी रूपवती, कलेची हौस असलेली, थोडी नखरेलही. बाप यादवी युद्धांत धर्मोपदेशक म्हणून दूर गेलेला, घरांत पैशाची ओढाताण, आणि या सर्वांना सांवरून धरणारी एक शहाणी आई. कथानकाचा आरंभ एवढाच आहे.

लुइसा अल्कॉट यांना ही सामग्री बाहेरून शोधून आणावी लागली नाहीं. त्यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील जर्मनटाउन येथें झाला. वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे मोठे तत्त्वचिंतक आणि शिक्षणांत नवे प्रयोग करणारे. परंतु संसाराला दोन पैसे मिळवून देण्याच्या कामीं अगदींच दुबळे. तेव्हां मुलींनाच हातपाय हालवावे लागले. लुइसानें शिवणकाम केलें, शिकवण्या केल्या, परक्यांच्या घरीं घरकामही केलें. आणि रात्रीं दिव्यापुढें बसून साप्ताहिकांना खुनाच्या, सूडाच्या व कारस्थानांच्या गोष्टी लिहून दिल्या. अशा कांहीं गोष्टींवर तिनें स्वतःचें नांवही घातलें नाहीं. घरांत चार बहिणीच होत्या. थोरली ॲना १८६० सालीं लग्न होऊन सासरीं गेली; एलिझाबेथ त्याच्या दोन वर्षें आधीं, १८५८ सालीं, मरण पावली; धाकटी मे चित्रकलेंत रमली. लुइसा मात्र अखेरपर्यंत अविवाहित राहिली.

१८६७ सालीं बोस्टन येथील रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेचे टॉमस नाइल्स यांनीं तिला मुलींसाठीं एक पुस्तक लिहिण्यास सुचविलें. तिला या कामाचा उत्साह नव्हता. तिला मुलगे आवडत. आपल्या बहिणींपलीकडे मुलींशीं तिचा फारसा परिचयही नव्हता. म्हणून १८६८ च्या मे महिन्यांत जेव्हां तिनें लेखणी हातीं घेतली, तेव्हां त्या बहिणीच कागदावर उतरल्या. ॲनाची मेग झाली, एलिझाबेथची बेथ झाली, मेची एमी झाली, आणि लुइसा स्वतः ज्यो झाली. पहिलीं प्रकरणें नाइल्सना नीरस वाटलीं. लेखिकेचेंही मत निराळें नव्हतें. परंतु तीं मुलींच्या हातीं पडलीं, तेव्हां त्यांना पुस्तक खालीं ठेववेना. सप्टेंबर १८६८ च्या अखेरीस पुस्तक बाहेर पडलें, आणि पहिल्या आवृत्तीच्या २,००० प्रती पाहतां पाहतां संपल्या.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. त्या वेळीं प्रसिद्ध झाला तो आजच्या ग्रंथाचा केवळ पूर्वार्ध होता. मेगचें लग्न ठरतें, तेथें तो संपत होता. उरलेल्या तिघींचें पुढें काय झालें, हें कोणालाच ठाऊक नव्हतें. आणि दुसरा भाग तर अजून लिहावयाचा होता. म्हणजे वाचकांना लेखिकेच्या हातांतली लेखणी धरतां येण्यासारखी होती, आणि त्यांनीं ती धरण्याचा प्रयत्नही केला. मुलींचीं पत्रें येऊं लागलीं. या चौघी कोणाकोणाशीं लग्नें करणार? आणि ज्यो व लॉरी यांचें लग्न होणार ना?

हा लॉरी कोण, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. शेजारच्या मोठ्या घरांत एक धनाढ्य वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचा आईबापांवेगळा नातू तो लॉरी. ज्योची आणि त्याची भेट एका नृत्यसमारंभांत होते. ज्योचा झगा पाठीमागें करपलेला असतो, म्हणून ती लोकांची नजर चुकवून पडद्याआड शिरते. तर तेथें हा लाजाळू मुलगा आधींच लपलेला! मग लोकांसमोर नाचण्याची लाज वाटणारीं तीं दोघें बाहेरच्या रिकाम्या दालनांत मनसोक्त नाचतात. पुढें दोन्ही घरांमधल्या कुंपणांत चिठ्ठ्यांची एक पेटी बसते. नाटकें, खेळ, भांडणें आणि समेट यांत दिवस जातात. इतक्या मोकळ्या, इतक्या निर्मळ सहवासाचा शेवट लग्नांत होणार नाहीं, तर कशांत होणार? वाचक मुलींचें हें अनुमान स्वाभाविक होतें. मुलगा देखणा आहे, श्रीमंत आहे, मनानें उमदा आहे आणि मुलीवर त्याचा जीव आहे. कोणत्याही वधूपित्यानें यापेक्षां अधिक काय मागावें?

परंतु लेखिकेनें मान हालविली. १ नोव्हेंबर १८६८ रोजीं तिनें दुसरा भाग लिहावयास घेतला, आणि त्याच दिवशीं आपल्या रोजनिशींत एक त्राग्याची नोंद केली. मुलींचीं पत्रें येतात तीं या चौघींचीं लग्नें कोणाशीं होणार एवढेंच विचारणारीं, जणू स्त्रीच्या आयुष्याचें साध्य तेवढें एकच. कोणाचें मन राखण्यासाठीं ज्योचें लग्न लॉरीशीं लावून देणार नाहीं, असा त्या नोंदीचा आशय आहे. मग रोज एक प्रकरण या झपाट्यानें तिनें लेखन केलें. छत्तिसावा वाढदिवसही तिनें लिहिण्यांतच एकटीनें घालविला, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं हस्तलिखित प्रकाशकाकडे रवाना केलें.

हा केवळ हट्ट होता काय? हट्टानें लिहिलेला नकार कथेंत लगेच ओळखूं येतो. तो पात्राच्या तोंडून येतो, पण पात्राच्या मनांतून येत नाहीं. ज्योचा नकार तसा नाहीं. लेखिकेनें त्याची तयारी पुष्कळ आधींपासून केलेली आहे. लॉरीच्या मनाचा कल कोणीकडे झुकत आहे, हें ज्योच्या लक्षांत येतें, तेव्हां ती आईशीं बोलते. आई सांगते, तुम्ही दोघें एकमेकांना शोभणारीं नव्हत. दोघेंही सारखींच तापट, दोघेंही सारखींच स्वतंत्र. मैत्री होईल, संसार होणार नाहीं. मग ज्यो कांहीं दिवस न्यूयॉर्कला निघून जाते, तें मुलांना शिकविण्यासाठीं आणि लिहिण्यासाठीं तर खरेंच, पण लॉरीच्या मनाला उतार पडावा म्हणूनही. तरीसुद्धां विद्यालयांतील शिक्षण पुरें करून तो परत येतो आणि वाटेंत तिला गांठून आपलें अंतःकरण उघडें करतो.

तो प्रसंग फिरून वाचण्यासारखा आहे. ज्यो त्याला टाकून बोलत नाहीं, खोटी आशा दाखवीत नाहीं, आणि दुसऱ्या कोणावर आपलें मन बसलें आहे अशी सबबही सांगत नाहीं. मुलीनें नकार दिला म्हणजे तिच्या मनांत दुसरा कोणीतरी असलाच पाहिजे, अशी जगाची समजूत असते, आणि लॉरीचीही तीच आहे. ज्योजवळ सांगण्यासारखें एवढेंच आहे, कीं तिनें प्रयत्न करून पाहिला आणि तें तिला जमत नाहीं. त्याचें दुःख पाहून तिचें काळीज तुटतें; तरीही ती शब्द फिरवीत नाहीं. दयेपोटीं दिलेला होकार हा दोघांशींही केलेला अप्रामाणिकपणा होय, हें कोणताही उपदेश न करतां लेखिकेनें येथें दाखविलें आहे.

याहून सूक्ष्म अशी एक जागा पुढें येते. बेथ मरण पावते. एमी युरोपांत असते. घर रिकामें होतें, आणि ज्योला एकटेपणा खावयास उठतो. त्या दिवसांत ती आईजवळ कबूल करते, कीं लॉरीनें आतां फिरून विचारलें असतें, तर कदाचित् आपण होय म्हटलें असतें. त्याच्यावरचें प्रेम वाढलें म्हणून नव्हे, तर आपल्यावर कोणीतरी प्रेम करावें ही भूक वाढली म्हणून. प्रेम करणें आणि आपल्यावर प्रेम व्हावें अशी इच्छा करणें, या दोन गोष्टींतला भेद तरुण वयांत कळणें फार कठीण. कित्येकांना तो संसाराचीं वीस वर्षें उलटल्यावर कळतो. पत्रें लिहिणाऱ्या मुलींना लेखिकेनें दिलेलें खरें उत्तर त्या रोजनिशींत नसून या कबुलीजबाबांत आहे.

लॉरीवरही तिनें अन्याय केलेला नाहीं. नाकारलेल्या तरुणाचें दुःख तिनें थट्टेवारी नेलें नाहीं. तो उदास होतो, वाद्यावर करुण सूर छेडीत बसतो, आणि शेवटीं आजोबा त्याला युरोपांत घेऊन जातात. व्हिएन्ना येथें आपल्या भग्न प्रेमावर एक संगीत नाटक रचावें, असें त्याच्या मनांत येतें. परंतु गंमत अशी, कीं ज्योला नायिकेच्या जागीं बसवूं जावें, तर त्याला तिच्या आठवणी येतात त्या सगळ्या भलत्याच! रुसलेली, मळलेली, वेडावून दाखविणारी ज्यो कांहीं केल्या विरहगीताची नायिका होईना. आणि कल्पनेंत तिच्या जागीं सोनेरी केसांची दुसरीच कोणी येऊन उभी राहूं लागली. यांत विनोद आहे, पण कुत्सितपणा नाहीं. पहिलें प्रेम खोटें नसतें. तथापि तें आयुष्यांतलें शेवटचेंही नसतें, ही गोष्ट दुःखी माणसाला कोणी सांगून पटत नाहीं. ती त्याला आपोआपच उमगावी लागते. पुढें एमी त्याला त्याच्या आळसाबद्दल खडसावते. त्या खडसावण्यानें तो जागा होतो. आणि स्वित्झर्लंडमध्यें व्हेव्हे येथील सरोवरांत नांव वल्हवतां वल्हवतां दोघांचें ठरतें. त्याच व्हेव्हे गांवीं १८६५ सालीं लुइसा अल्कॉट यांची एका पोलिश तरुणाशीं ओळख झाली होती, आणि लॉरीच्या स्वभावाचा कांहीं भाग त्या तरुणावरून घेतलेला आहे. लेखिकेला लॉरी आवडत नव्हता म्हणून तिनें त्याला ज्यो दिली नाहीं, असें म्हणावयास त्यामुळें जागा उरत नाहीं.

येथपर्यंत लेखिकेचा विजय झाला, असें म्हणतां येईल. परंतु या लढाईला दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें बरें नाहीं. वाचकांच्या मागण्या वस्तुतः दोन होत्या. ज्योनें लॉरीशीं लग्न करावें ही एक. आणि लॉरीशीं नाहीं तर नाहीं, पण कोणाशीं तरी करावेंच, ही दुसरी. पहिली मागणी तिनें साफ नाकारली. दुसरीपुढें मात्र तिला वांकावें लागलें. मार्च १८६९ मध्यें एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत तिनें हें मोकळेपणानें मान्य केलें आहे. ज्योनें अविवाहित लेखिकाच राहावयास हवें होतें. पण मुलींनीं असा कांहीं गिल्ला केला, कीं अगदींच नाहीं म्हणण्याचा धीर झाला नाहीं. तेव्हां खोडसाळपणानें आपण तिला एक विलक्षण जोडीदार पाहून दिला, असा त्याचा मथितार्थ.

तो जोडीदार म्हणजे प्रोफेसर भेअर. वय चाळिशीच्या घरांतलें, रूप बेताचें, इंग्रजी बोलणें मोडकें, खिसा रिकामा, आणि पाठीशीं दोन पोरके भाचे. न्यूयॉर्कमध्यें ज्यो राहते त्याच बिऱ्हाडघरांत तो राहतो, शिकवण्या करतो, आणि आपले फाटके मोजे आपणच रफू करतो. छापून आलेल्या भडक गोष्टींविषयीं तो तिच्यादेखत कठोरपणें बोलतो, आणि ज्यो आपल्या तसल्या सगळ्या गोष्टी जाळून टाकते. शेवटीं भर पावसांत, एका छत्रीखालीं, चिखलांतून चालतांना दोघें एकमेकांना होकार देतात. रिकाम्या हातांनीं आलेल्या त्या माणसाच्या हातांत ज्यो आपले हात देते, तो क्षण हृद्य आहे यांत संशय नाहीं. तरीपण कित्येक वाचकांचें समाधान तेव्हांही झालें नाहीं आणि पुढेंही होत नाहीं. कोणाला लॉरी हवा असतो, तर कोणाला वाटतें, ज्योला कोणीच नको होता. तिनें गोष्टी जाळल्या हेंही कांहींना खुपतें, आणि तें अगदींच अकारण नव्हे. कारण तसल्याच गोष्टींवर लुइसानें एके काळीं आपलें घर चालविलें होतें. ‘लिटल विमेन’ ज्या १८६८ सालीं लिहिलें, त्याच सालीं तिनें एका वृत्तपत्रासाठीं सुखी अविवाहित स्त्रियांवर एक लेखही लिहिला होता. लेखांत जें निर्भयपणें सांगतां आलें, तें कादंबरींत सांगूं दिलें गेलें नाहीं. वाचकांचें प्रेम लेखकाला मोठें करतें हें खरें. परंतु तेंच प्रेम कधीं कधीं त्याचा हातही धरतें.

मग पात्राचें भवितव्य ठरवावयाचें कोणी? याविषयीं लुइसा अल्कॉट यांची स्वतःची समजूतही एका जागीं स्थिर राहिली नव्हती, आणि तेंच तिच्या प्रामाणिकपणाचें लक्षण होय. ‘लिटल विमेन’च्या आधीं, १८६४ च्या अखेरीस, तिची ‘मूड्स’ ही कादंबरी निघाली होती. तींत सिल्व्हिया नांवाची एक तरुण मुलगी चुकीच्या माणसाशीं लग्न करते. आपलें मन दुसऱ्यावर आहे हें तिला मागाहून कळतें. आणि या पेंचांतून लेखिका तिला मृत्यूच्या वाटेनें सोडविते. पुढें १८८२ सालीं त्या कादंबरीची सुधारलेली आवृत्ति काढतांना तिनें शेवट बदलला. सिल्व्हिया जगते, आणि पतीबरोबर नव्यानें संसार उभारते. अठराव्या वर्षीं मृत्यूवांचून दुसरी वाट दिसत नव्हती. तीस वर्षांनंतर कळलें कीं निराशेनंतरही सुख संभवतें, अशा अर्थाचा खुलासा तिनें तेथें केला. हा बदल वाचकांच्या दडपणानें झालेला नाहीं. वयानें शिकविलें म्हणून झाला आहे. कादंबरीकारानें आपलें म्हणणें बदलूं नये असें नाहीं. बदलावें, पण तें जीवनाच्या सांगण्यावरून. गलबल्याच्या सांगण्यावरून नव्हे.

ज्योच्या बाबतींत राहून गेलेलें ऋणही तिनें अखेर फेडलें. १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘जोज बॉइज’ या तिच्या शेवटच्या मोठ्या पुस्तकांत नॅन नांवाची एक मुलगी आहे. लहानपणापासूनचा तिचा सोबती टॉम तिच्यावर प्रेम करतो. तिच्याजवळ राहतां यावें म्हणून, मनांत आवड नसतांही, तिच्यापाठोपाठ वैद्यकी शिकूं लागतो. पुन्हा तोच सहवास आणि तोच एकतर्फी जिव्हाळा! नॅन त्याला नकार देते. टॉम पुढें दुसऱ्या मुलीशीं सुखी होतो आणि नावडती विद्या सोडून बापाच्या धंद्यांत शिरतो. परंतु या वेळीं नॅनसाठीं छत्री घेऊन कोणी प्रोफेसर येत नाहीं. ती डॉक्टर होते, अविवाहित राहते, आणि आनंदानें आपलें काम करते. त्याच १८८६ सालच्या मार्च महिन्यांत महाराष्ट्राच्या आनंदीबाई जोशी यांनीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली, हा योगायोग मराठी वाचकाला आठवल्यावांचून राहत नाहीं. आनंदीबाईंचें लग्न नवव्या वर्षीं झालें होतें. होकार कीं नकार, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. नॅनचें तें ‘नाहीं’ किती मोलाचें होतें, हें त्यावरून कळावें.

लुइसा अल्कॉट ६ मार्च १८८८ रोजीं, वडिलांच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनीं, निवर्तली. तिला पत्रें लिहिणाऱ्या मुलीही केव्हांच काळाच्या पडद्याआड गेल्या; पण त्यांचा प्रश्न मागें राहिला. ज्या ज्या घरांत हें पुस्तक वाचलें जातें, तेथें एखादी मुलगी तें मिटून पुन्हा विचारते, ज्योनें लॉरीला नकार कां दिला? त्या वेळीं घरांतल्या वडील माणसांनीं हंसून विषय टाळूं नये. तिला जवळ बसवावें आणि तिचेंच मत आधीं विचारावें. प्रेम आणि सहवास, प्रेम आणि दया, प्रेम आणि एकटेपणाची भीति, यांतला भेद बोलून दाखविण्याची संधि घरांत वारंवार येत नाहीं. चांगली मैत्री आणि चांगलें स्थळ हातीं असूनही, आपलें मन नाहीं एवढ्याच कारणानें एखाद्या मुलीला ‘नाहीं’ म्हणतां येतें, आणि तें ऐकणाऱ्या मुलाला त्यानंतरही भला माणूस म्हणून जगतां येतें, ही गोष्ट मुलामुलींना कथेंतून कळली, तर त्या कथेनें आपलें काम केलें असें समजावें.